होडीचा ट्रान्सड्यूसर नेमका कुठे बसवायचा?

परवा कोळगावहून सातपाटीला गेलो होतो. एका होडीवर नवा फिश फाइंडर बसवायचं चाललं होतं. ट्रान्सड्यूसर पंख्याच्या अगदी शेजारी लावणार होते, कारण केबल तिथवर पुरत होती! तांडेलकाकांशी जे बोललो, तेच इथे लिहितो.

ट्रान्सड्यूसर आवाजाची लहर खाली सोडतो आणि तळावरून आलेला प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. म्हणजे 15 मीटर खोलीवरून उत्तर यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो.

या लहरीचा खरा शत्रू म्हणजे हवेचे बुडबुडे. नाळेवर लाट फुटते तिथे ते असतात, पंख्याभोवतीही असतात. त्यामुळे होडीच्या मध्यापासून थोडं पुढे, जो भाग कायम पाण्यात राहतो तिथे बसवा. पठाणाला, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याला, चिकटून नको, लहर अडते. तोंड सरळ खाली हवं; तळ तिरका असेल तर ठोकळा तासून लावा.

फायबरचा तळ भरीव असेल तर भोक न पाडता आतूनही चिकटवता येतो. लाकडातून लहर नीट जात नाही, तिथे तो पाण्यातच हवा.

आणि हे विसरूच नका: पडद्यावरचा आकडा ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासूनचा असतो. पठाण त्याच्या 40 सेंमी खाली असेल, तर पडद्यावर 1 मीटर दिसताना खरं पाणी उरतं 60 सेंमी. ओहोटीला गाळाच्या खाडीत शिरताना हा फरक फार मोठा. सेटिंगमध्ये तो 'ऑफसेट' म्हणून भरून टाका.

तुमची होडी कशी आहे? तळाचा फोटो टाका, जागा मिळून ठरवू.