युद्धकादंबरीची परिभाषा आणि वाचकांचा दुहेरी कौल

एखाद्या कादंबरीकाराचा पहिला मोठा ग्रंथ लोकमान्य झाला, की त्याच्या पुढील प्रत्येक ग्रंथाबद्दल वाचकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘पूर्वीची गोष्ट राहिली नाही’. दुसरा तोच ग्रंथ आवडीने वाचून पुढच्याची वाट पाहतो. समीक्षक या मतभेदाचा निकाल बहुधा दोनच मार्गांनी लावतात. लेखकाची प्रतिभा ओसरली, असे तरी म्हणतात, नाही तर वाचकांची अभिरुची उथळ आहे, असे म्हणतात. यांपैकी कोणत्याही उत्तराने संहितेविषयी काही कळत नाही. ‘पूर्वीची गोष्ट’ म्हणजे संहितेतील नेमकी कोणती गोष्ट, हा भाषाभ्यासकाचा प्रश्न असावयास हवा. श्री. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’नंतरच्या लेखनाला मिळालेला संमिश्र प्रतिसाद समोर ठेवून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे एक उत्तर सुचविले आहे. युद्धकादंबरीत सैनिकी परिभाषा कथानकाचा भार वाहते की केवळ कथानकाला शोभा आणते, यावर वाचकांचा कौल पुष्कळ अंशी अवलंबून असतो, असे ते उत्तर आहे.

‘पानिपत’ १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. या यशाचे श्रेय सामान्यतः विषयाला, म्हणजे मराठी मनातील जुन्या जखमेला, दिले जाते. परंतु विषय बखरकारांपासून सर्वांचाच होता. कादंबरीचे वैशिष्ट्य असे, की ती एका मोहिमेची कादंबरी आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा हाती आला. पुढे अब्दालीने यमुना ओलांडून दक्षिणेची वाट रोखली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद तुटली. शेवटी १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज मैदानात उतरली. या घटनाक्रमात माणसांइतकीच महत्त्वाची पात्रे म्हणजे काही शब्द आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

‘बुणगे’ हा त्यांतील पहिला. आजच्या मराठीत हा शब्द स्वतंत्रपणे जवळजवळ उरलेला नाही. ‘बाजारबुणगे’ या समासात, तोही तुच्छतेने, तो तेवढा जिवंत आहे. अठराव्या शतकातील फौजेच्या संदर्भात मात्र त्याला निश्चित अर्थ होता. लढाऊ शिपायांखेरीज लष्कराबरोबर चालणारा सारा समुदाय, म्हणजे व्यापारी, कारागीर, नोकरचाकर, कुटुंबकबिला आणि यात्रेकरू, त्यात येत असे. हा समुदाय खातो पण लढत नाही, आणि त्याला मागे सोडून जाताही येत नाही. शब्दाचा हा अर्थ समजला की पानिपतच्या पराभवाचे निम्मे कारण समजले. जी शिवी म्हणून वाचकाला ठाऊक होती, तीच त्याच्या डोळ्यांसमोर एका फौजेच्या गळ्यातील धोंड होते.

दुसरा शब्द ‘गोल’. तोफखाना आणि गारद्यांच्या पलटणी यांच्या आधाराने बांधलेली रचना न मोडता पुढे सरकावयाचे, ही इब्राहिमखान गारद्याची युद्धपद्धती होती. तिच्या विरुद्ध बाजूस मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांचा गनिमी कावा होता. या दोन शब्दांमध्ये दोन पिढ्यांचा आणि दोन युद्धशास्त्रांचा वाद सामावला आहे. तो समजला नाही तर शेवटच्या दिवशी रचना का फुटली, हे वाचकाला कळणार नाही. म्हणजेच येथे परिभाषा काढून घेतली तर कथानक उभे राहत नाही. ती शिकताना वाचकाला श्रम पडतात. त्या श्रमांचे फळ त्याला पुढच्याच प्रकरणात मिळते. ‘या पुस्तकाने मला काही शिकविले’ असे युद्धकादंबरीचा वाचक वारंवार सांगतो. त्या वाक्याचा हाच आशय आहे, असे वाटते.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मराठी वाचक या शब्दसंपत्तीशी सर्वस्वी अनोळखी नसतो, ही मराठी युद्धकादंबरीची मोठी सोय आहे. तिचे कितीतरी शब्द अर्थ पालटून आजच्या नागरी भाषेत वावरत आहेत. ‘मोर्चा’ म्हणजे तोफा रोखून धरलेली वेढ्यातील जागा. आज तो कचेरीवर जातो. ‘आघाडी’ राजकीय पक्ष करतात, ‘मोहीम’ लसीकरणाची असते, आणि ‘बिनीचा’ माणूस नाट्यसंस्थेतही सापडतो. मीरा-भाईंदर परिसरातील विद्यार्थ्यांना याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) आपल्याच भागातील धारावी आणि घोडबंदर ही ठाणी होती, आणि पलीकडच्या तीरावर वसईच्या तटाला मराठ्यांचे मोर्चे व सुरुंग लागले होते. त्या किल्ल्यांच्या पायथ्याशी आज निघणारा ‘मोर्चा’ पाण्याच्या मागणीचा असतो. ओळखीच्या शब्दाचा विसरलेला अर्थ परत मिळाल्याचा आनंद कादंबरी वाचकाला देते. हा आनंद एका शब्दाच्या बाबतीत एकदाच मिळू शकतो, ही मात्र त्याची मर्यादा आहे.

आता नंतरच्या लेखनाकडे वळू. ‘झाडाझडती’ने युद्धाचा विषयच सोडला आणि धरणग्रस्तांची कैफियत मांडली. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हा प्रतिभा ओसरल्याचा सिद्धांत पहिल्याच पायरीवर अडखळतो. गेल्या शतकाच्या अखेरीस सुभाषचंद्र बोसांवरील ‘महानायक’ आली, २००५ मध्ये ‘संभाजी’, आणि २०२२ पासून शिवचरित्रावरील ‘महासम्राट’ मालिका. वाचकांतील खरी फाटाफूट या चरित्रप्रधान कादंबऱ्यांच्या बाबतीत दिसते.

‘संभाजी’चाच विचार करू. राज्याभिषेकापासून (जानेवारी १६८१) मार्च १६८९ मधील वधापर्यंत मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा अनेक आघाड्यांवर लढलेल्या राजाची ही कथा आहे. युद्धांना तोटा नाही. तरीही कथेचा कणा एक मोहीम नसून एक व्यक्ती आहे. या व्यक्तीवरचा कलंक खोटा होता काय, तिचा घात कोणी केला, हे तिचे प्रश्न आहेत. अशा कथेत तोफा, तरांडी आणि बुरूज यांचे वर्णन कितीही तपशिलाने केले, तरी नायकाचे भवितव्य त्या तपशिलातून ठरत नाही. ते दरबारातील निष्ठा आणि फितुरी यांतून ठरते. परिभाषा येथे वातावरण निर्माण करते. ते कामही मोलाचे आहे, पण निराळे आहे. ‘पानिपत’ची भूक घेऊन आलेल्या वाचकाला हे वर्णन पाल्हाळ वाटते. नायकासाठी आलेल्या वाचकाला तेच वर्णन नायकाच्या योग्यतेची साक्ष वाटते. दोघेही एकच पान वाचीत असतात आणि आपापल्या परीने दोघांचेही म्हणणे बरोबर असते.

शिवाय दोघांची तुलनेची मापे भिन्न असतात. कोणी ‘संभाजी’ची तुलना ‘पानिपत’शी करतो, कोणी सुमारे पाव शतक आधी आलेल्या शिवाजी सावंतांच्या ‘छावा’शी, तर कोणी वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या संशोधनात्मक चरित्राशी. ‘तितकी जमली नाही’ या वाक्यातील ‘तितकी’चा संदर्भ वक्ता क्वचितच उच्चारतो. तो भरून काढल्यावाचून हे वाक्य पुरावा म्हणून वापरणे शास्त्रशुद्ध नव्हे. आपल्या प्रबंधांतून ते सर्रास वापरले जाते, म्हणून हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

हा प्रकार मराठीपुरता नाही. अमेरिकेतील टॉम क्लॅन्सी (१९४७–२०१३) हे याचे ठळक उदाहरण होय. विम्याचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थाची पहिली कादंबरी, ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’, १९८४ मध्ये नौदलविषयक ग्रंथ काढणाऱ्या एका संस्थेने प्रसिद्ध केली. तिच्यातील रशियन पाणबुडी जवळजवळ निःशब्द चालते, आणि सोनार यंत्रावर बसलेला एक तरुण ती ऐकतो. सोनार कसे चालते हे वाचकाला कळले नाही तर कथाच नाही. म्हणजे हा शब्द तिचा ‘बुणगे’ आहे. २००० साली आलेल्या ‘द बेअर अँड द ड्रॅगन’पर्यंत पृष्ठसंख्या हजारावर गेली होती आणि शस्त्रांची नामावळीही वाढली होती. अनेक जुन्या वाचकांनी तिच्या लांबीची, पुनरुक्तीची आणि राजकीय प्रवचनांची तक्रार केली. पण त्या नामावळीसाठीच पुस्तक घेणारे वाचकही थोडे नव्हते, आणि ग्रंथ खपतच राहिले. २००३ च्या कादंबरीनंतर सात वर्षे खंड पडला. पुढील कादंबऱ्या सहलेखकांसह आल्या, आणि मृत्यूनंतरही लेखकाचे नाव षष्ठी विभक्तीत मुखपृष्ठावर राहिले. षष्ठीचा हा प्रयोग कर्तृत्व दाखवीत नाही, केवळ जात दाखवितो. व्याकरणाच्या अभ्यासकाने त्याची स्वतंत्र नोंद घ्यावी.

भारतीय वाचकाच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. ‘डेट ऑफ ऑनर’ (१९९४) आणि ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर्स’ (१९९६) या कादंबऱ्यांत भारत अमेरिकेच्या विरोधकांच्या पंक्तीत बसविलेला आहे, आणि पहिलीत आपले आरमार श्रीलंकेला धाक दाखविते. शस्त्रांच्या तपशिलावर विश्वास ठेवण्याची सवय लागलेल्या वाचकाला आपल्या देशाचे हे चित्र वाचताना थबकावे लागते. परिभाषेची अचूकता म्हणजे कथनाची सत्यता नव्हे, हे त्याला तेथे प्रथम जाणवते. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला हा अनुभव कमी वेळा येतो, कारण ती बहुधा त्याच्या बाजूने लिहिलेली असते. तेथे बुणगे आणि गोल हे शब्द अचूक आहेत म्हणून भाऊसाहेबांचे मनोगतही अचूक मानले जाते. हा धोका अधिक सूक्ष्म आहे आणि त्यावर कोणी प्रबंध लिहिल्यास तो उपयुक्त ठरेल.

वरील अनुमान तपासण्याची रीत सोपी आहे. एकाच लेखकाच्या दोन कादंबऱ्यांतून पन्नास-पन्नास पारिभाषिक शब्दांची स्थळे निवडावीत. प्रत्येक स्थळी त्या शब्दाऐवजी सामान्य शब्द घालून पाहावा, जसे ‘बुणगे’ऐवजी ‘लोक’ किंवा ‘हरकारा’ऐवजी ‘निरोप्या’. पुढील घटनेचे आकलन अडते काय, याची नोंद करावी. दोन्ही ग्रंथ वाचलेल्या वाचकांना त्यांच्या ‘तितकी’चा संदर्भ विचारावा, आणि पहिला ग्रंथ त्यांनी कोणत्या वयात वाचला हेही विचारावे. सतराव्या वर्षी वाचलेल्या पुस्तकाशी पंचेचाळिसाव्या वर्षी वाचलेल्या पुस्तकाची तुलना करणारा वाचक पुष्कळदा स्वतःविषयीच बोलत असतो; त्याचे उत्तर वेगळ्या रकान्यात मांडावे लागेल.