सीएच्या फायली उघडणारा सीए

सीएच्या ऑफिसात दर काही वर्षांनी एक पाहुणा येतो. तोही सीएच, पण येतो तो यजमानाच्या फायली उघडायला. याला म्हणतात पीअर रिव्ह्यू. सीएंच्या संस्थेनं, आयसीएआयनं, 2002 साली त्यासाठी वेगळं मंडळच नेमलं. आणि पाहुण्याचं मानधन? तेही यजमानानंच द्यायचं!

मला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा पाहुणा एकही हिशेब पुन्हा करत नाही. गोदामात जात नाही, बँकेला पत्र लिहीत नाही. तपासणाऱ्यानं तपासलं कसं, एवढंच तो बघतो. समजा, कंपनीनं एका गिऱ्हाइकाकडून 12 लाखांचं येणं दाखवलंय. मग बाकी कबूल करणारं त्याचं पत्र फाइलीत आहे का? ते थेट ऑडिटरकडे आलं, की कंपनीच्या हातून? आलंच नसेल, तर मार्चनंतर पैसे जमा झाले का, हे बँक स्टेटमेंटवर कुणी पाहिलं? सही कुणाची, तारीख कुठली? ‘पाहिलं होतं हो मी’ याला इथं काडीची किंमत नाही.

फाइलीलाही मुदत असते. अहवालावर सही झाली की साधारण 60 दिवसांत ती बांधून संपवायची आणि निदान 7 वर्षं जपायची. रिव्ह्यूअर येणार म्हणून आदल्या रात्री भरलेली फाइल मग तारखांवरूनच चुगली करते. 2010 पासून सेबीनं लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिटरला या रिव्ह्यूचं प्रमाणपत्र सक्तीचं केलंय.

पण भाईबंदच तपासणार म्हटल्यावर शंका येतेच. डिसेंबर 2001 मध्ये अमेरिकेत एन्रॉन ही ऊर्जा कंपनी हिशेबातला घोटाळा उघडकीला येऊन बुडाली. हो, आपली दाभोळच्या वीजप्रकल्पाचीच. तिचे ऑडिटर आर्थर अँडरसन. आणि जानेवारी 2002 मध्ये डेलॉइट या दुसऱ्या ऑडिट फर्मनं याच अँडरसनला पीअर रिव्ह्यूत पास केलं! त्याच वर्षी तिथल्या काँग्रेसनं कायदा करून लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिटची तपासणी स्वतंत्र मंडळाकडे दिली.

बाकीच्या कंपन्यांच्या ऑडिटसाठी मात्र तिथं अजून पीअर रिव्ह्यूच चालतो, साधारण दर तीन वर्षांनी. रिव्ह्यूअरच्या स्वतःच्या फर्मला आधीच्या रिव्ह्यूत ‘पास’ शेरा मिळालेला लागतो. म्हणजे त्याच्याही फायली कुणीतरी उघडलेल्या असतात, आणि त्या कुणाच्या तरी फायली आणखी कुणीतरी.