स्वस्त होस्टिंग घेताना जाहिरातीतला दर सोडून काय पाहावं?

स्वस्त वेब होस्टिंगच्या जाहिरातीत ठळक छापलेला दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो, तोही काही वर्षांचे पैसे एकरकमी भरले तर. म्हणून तुलना नूतनीकरणाच्या दरांची करावी, १८ टक्के जीएसटी धरून. ‘९९.९ टक्के अपटाइम’चंही तसंच. या हिशेबाने साइट वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिली तरी कंपनीने शब्द पाळला असंच ठरतं. त्याहून जास्त बंद पडली, तर सहसा बिलात थोडी सूट मिळते; बुडालेल्या ऑर्डरींची भरपाई नव्हे.

वेगाचं गणित बरंचसं भूगोलाचं आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद; आणि सुरक्षित जोडणी होऊन पहिला बाइट हाती येईपर्यंत सहसा अशा निदान तीन फेऱ्या होतात. ग्राहक सांगली-साताऱ्याचे असतील तर सर्व्हर मुंबईतला बघावा. ‘सीडीएन (साइटच्या प्रती ग्राहकाजवळ ठेवणारं सर्व्हरचं जाळं) लावला की झालं’, असं कुणी म्हणेल. चित्रं जवळून येतील हे खरं, पण लॉगिन आणि कार्टला मूळ सर्व्हर गाठावाच लागतो. चार पानांच्या साइटला एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे साधा शेअर्ड प्लॅन पुरतो. दुकान चालवायचं असेल तर आधी महिन्याचा प्लॅन घ्या, गर्दीच्या वेळी वेग मोजा, मगच वर्षाचे पैसे भरा.