सेंट्रिनचे काम कोणते? अर्धशतकाचा मागोवा
डबक्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की व्हॉर्टिसेला बहुधा भेटतोच. देठावर उभा असलेला हा एकपेशीय जीव जरा धक्का लागताच काही सहस्रांश सेकंदांत देठाची स्प्रिंग करून खाली बसतो. लेवेनहूकने १६७६च्या पत्रात त्याचे वर्णन केले. उलगडा मात्र विसाव्या शतकात सुरू झाला. आपल्या स्नायूंना आखडण्यासाठी एटीपी हे ऊर्जा पुरवणारे रसायन लागते. १९५८ मध्ये होफमान-बर्लिंग यांनी दाखवले की ग्लिसरीनमध्ये ठेवून निर्जीव केलेला देठ एटीपीशिवाय, नुसत्या कॅल्शियमवर आखडतो. १९७५ मध्ये ॲमॉस आणि सहकाऱ्यांनी याच कुळातल्या जीवांतून कॅल्शियम धरणारे प्रथिन वेगळे केले. त्याचे नाव स्पॅस्मिन.

एका विक्षिप्त जीवाची ही खासगी युक्ती असावी, असे कोणालाही वाटले असते. पण १९८४ मध्ये जेफ्री सॅलिसबरी यांना टेट्रासेल्मिस या हिरव्या शैवालात, कशाभिकांच्या मुळाशी असलेल्या तंतूंत तसेच प्रथिन सापडले. वजन सुमारे २० किलोडाल्टन. कॅल्शियम मिळाले की हे तंतूही आखडत. तोवर गोष्ट आकुंचनाचीच होती.

यीस्टने ती बिघडवली. यीस्टला ना कशाभिका, ना सेंट्रिओल (तर्कूच्या, म्हणजे विभाजनात गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतुरचनेच्या, टोकांशी असणारे सूक्ष्म दंडगोल). तरी सीडीसी३१ हे जनुक बिघडले की तर्कूच्या टोकाशी असलेल्या रचनेची दुसरी प्रत तयार होत नाही आणि पेशीचे विभाजन अडते. त्या जनुकाचे प्रथिन कॅल्शियम धरणाऱ्यांच्या घराण्यातले निघाले, हे १९८६ मध्ये कळले. दोन वर्षांनी क्लॅमिडोमोनास शैवालातल्या प्रथिनाचा क्रम वाचला गेला आणि तो सीडीसी३१शी जुळला. पुढे माणसाच्या सेंट्रोसोममध्येही, म्हणजे सेंट्रिओल सामावणाऱ्या रचनेतही, हे प्रथिन सापडले. या साऱ्या प्रथिनांसाठी सेंट्रिन हे नाव रूढ झाले.

मग मतांची दिशा पालटली: सेंट्रिन म्हणजे सेंट्रिओलची प्रत काढणारे प्रथिन. २००२ मध्ये हेला या मानवी पेशींत सेंट्रिन-२ घटवल्यावर सेंट्रिओलची संख्या वाढेना, तेव्हा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. जपानी संशोधकांना मात्र २००१ मध्येच हे प्रथिन केंद्रकात, अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए हुडकणाऱ्या एक्सपीसी संकुलात दिसले होते. २०११ मध्ये गॉलवेतल्या गटाने कोंबडीच्या पेशींतून सगळी सेंट्रिने काढून टाकली. सेंट्रोसोम धडधाकट राहिले. डीएनएची दुरुस्ती मात्र लंगडी पडली. माझ्या लेखी या साऱ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच. तेवढा गाजला नाही, कारण ‘काहीच बिघडले नाही’ ही बातमी होत नाही.

पण म्हणून जुना निष्कर्ष सरसकट खोटा ठरत नाही. जीव बदलला की उत्तर बदलते. काळा आजार घडवणाऱ्या लीशमॅनिया या परजीवीत २००४ मध्ये सेंट्रिनचे जनुक काढले, तेव्हा परजीवी प्रयोगशाळेतल्या द्रवात सुखाने वाढला, पण शरीरातल्या पेशींत राहण्याच्या अवस्थेत त्याला विभागता येईना. लशीला हेच हवे: बाहेर भरपूर वाढणारा, आत फार काळ न टिकणारा जंतू. मात्र तो वाण यकृताच्या, प्लीहेच्या आजाराच्या परजीवीचा होता. म्हणून २०२० मध्ये क्रिस्पर हे जनुकसंपादनाचे तंत्र वापरून त्वचेपुरत्या मर्यादित राहणाऱ्या लीशमॅनिया मेजरमधून हे जनुक वगळण्यात आले; शिवाय त्यात प्रतिजैविकरोधी जनुकाची खूण उरली नाही. या वाणाची उत्तम प्रयोगशाळा-पद्धतीच्या (जीएलपी) निकषांनुसार तयार केलेली आवृत्ती पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्समध्ये घडली आणि २०२१ मध्ये सँडफ्लाय ही माशी चावून होणाऱ्या संसर्गापासून तिने हॅमस्टरना वाचवले.