वहिनी, मसाला जरा जास्त वाटा!

सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. धाकटे दीर गायरानाकडून आले आणि पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाले, "वहिनी, आज मसाला जरा जास्त वाटा." पिशवीत दोन ससे. गळ्याभोवती तारेच्या फासाचा वळ. भाऊजी सोलायला बसले तेव्हा कळलं, त्यातली एक मादी गाभण होती.

ते कालवण माझ्या हातून काही झालं नाही. त्यावरून घरात चांगलंच वाजलं. सासूबाई म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात हेच खाऊन जगलोत आम्ही." खरंच असेल ते. पण गंमत बघा, १९७२ हे आपल्याकडे दुष्काळाचं साल आणि त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात ससाही आला, तितरही आलं. काळवीट मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. "गायरान सगळ्यांचं, मग त्यातला ससाही सगळ्यांचाच," हा भाऊजींचा हिशेब. जमीन सरकारी असो की सातबारा आपल्या नावावर असो, कायदा तोच, हे त्यांना पटेना.

अमेरिकेत मात्र सरकारी जमिनीवर परवाना काढून शिकार करता येते. तिथे १९३७ च्या एका कायद्याप्रमाणे बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा जंगली प्राण्यांसाठी खर्च होतो. भाऊजींना हे सांगितलं आणि पस्तावले. "मग आपल्याकडेही काढा की परवाना!" पण तिथे कोणत्या हंगामात, कोणता प्राणी, किती मारायचा हे ठरलेलं असतं. तारेच्या फासाला गाभण कळते का?

आणखी एक सांगते. गावात कुठे शिकार झाली की पहिलं नाव पारध्यांचं घेतलं जातं. आमच्या घरचा फास कुणी लावला होता, ते मी वर सांगितलंच आहे.

आता शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही. घनसावंगी तालुक्यात गोदाकाठाला ऊस, आणि उसात रानडुकरं. एका रात्रीत पीक उकरून टाकतात. मग कुणी कुंपणात करंट सोडतं. डुक्कर मरतंच असं नाही, पण रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस मरतो. अशा बातम्या आपण वाचतोच की. रानडुक्कर आणि रोह्यासाठी सरकारने २०१५ साली वेगळा निर्णय केला. पिकांची नासाडी होत असेल तर वनविभागाकडे अर्ज करून मारण्याची परवानगी मागता येते. नुकसानभरपाईही मिळते, पण तीन दिवसांच्या आत वनविभागाला कळवावं लागतं, मग पंचनामा होतो. हे तीन दिवस 'आज जाऊ, उद्या जाऊ' करण्यात जातात. बायांनो, सकाळी शेतात पहिलं पाऊल बहुतेक वेळा आपलंच असतं. तेव्हा पीक मोडलेलं दिसलं की घरच्यांची वाट न बघता वनरक्षकाला फोन करा. वनखात्याचा १९२६ हा नंबर पाठच करून ठेवा. कागद रंगवायला त्रास होतो, मान्य. करंटच्या तारेपेक्षा कमीच.

ते ससे शेवटी लिंबाखाली पुरले. भाऊजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. परवा गायरानातले फास काढून आणले त्यांनी. भंगारवाल्याला देणार म्हणे. अजून पडवीत खुंटीला लटकलेले आहेत. भंगारवाला दोनदा येऊन गेला.