मिरचीचा देठ मोडला नाही, तेव्हा…
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही अकरा जणी आमच्या बचत गटातून कांदा-लसूण मसाला करतो. गट कसा सुरू करायचा, बँकेत खातं कसं काढायचं हे तुम्ही या कार्यक्रमात पुष्कळ ऐकलं असेल. आज आपण बोलणार आहोत ते गट सुरू झाल्यानंतरचं. एकत्र काम करताना कुठे अडतं, आणि त्यातून वाट कशी काढायची?

आधी आमचीच फजिती सांगतो. चैत्रात आम्हाला चाळीस किलो मसाल्याची मागणी आली. मिरच्या समाजमंदिराच्या गच्चीवर वाळत घातल्या. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. पहिली म्हणाली, "मला वाटलं दुसरी काढेल." दुसरीला वाटलं तिसरी काढेल. मिरच्या भिजल्या. माल देण्याची तारीख जवळ आलेली, म्हणून एकच दिवस ऊन दाखवलं आणि मिरची डंकावर नेली. तीन आठवड्यांत चौदा किलो मसाला परत आला. पाकिटात बुरशी धरली होती.

मग सुरू झालं, "तुझ्यामुळे झालं, माझ्यामुळे नाही." नुकसान कोणी भरायचं यावरून वाद पेटला. दोघींनी बैठकीला येणंच सोडलं. गट मोडायचीच वेळ आली होती.

तेव्हा आमच्या सहयोगिनी ताई आल्या. त्यांनी "कोणी केलं?" असं विचारलंच नाही. "काय काय झालं, पहिल्यापासून सांगा," एवढंच म्हणाल्या. सांगता सांगता आमच्यातली सगळ्यात लहान सून हळूच बोलली, "मला दिसलं होतं. देठ वाकत होता, मोडत नव्हता." वाळलेल्या मिरचीचा देठ कटकन मोडतो, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. मग ती बोलली का नाही? मिरचीचं काम तिच्या सासूबाईंकडे होतं. चार जणींत सासूला कसं बोलायचं? सासूबाईंनी खाली मान घातली. आम्हीही.

त्या दिवशी कळलं, की पाऊस हे निमित्त झालं. खरी दुखणी आमच्या कामाच्या पद्धतीतच होती. ती एकेक करून बघू.

पहिलं दुखणं, काम सगळ्यांचं आणि जबाबदारी कोणाचीच नाही. आपल्याकडे म्हणच आहे, बारभाईंची खेती, काय लागेल हाती! यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहायचं. मदतीला चौघी असू देत, पण उत्तर देणारी एक. आमच्या भिंतीवर आता फळा आहे. मिरची वाळवणं, देठ खुडणं, कांदा-खोबरं भाजणं, डंकावर नेणं, वजन करून पाकिटं भरणं, सगळ्यापुढे नावं असतात. जिचं नाव, तिला अडचण आली तर बदली बाई तिनेच सांगून ठेवायची. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आम्ही मिरचीचं, कांद्याचं, तराजूचं चित्र काढलं आहे.

दुसरं दुखणं, "मी राबते, ती नुसती बसते." हे मनात साठतं आणि एक दिवस बाहेर पडतं. इथे मजुरी आणि नफा वेगळे ठेवले, की निम्मी भांडणं मिटतात. लिज्जत पापडाचंच बघा. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. तिथे जी जेवढे किलो पापड लाटेल, तेवढी तिला लाटणावळ मिळते. आम्हीही तसंच केलं. देठ खुडण्याची मजुरी किलोवर, भाजण्याची दिवसावर, आणि उरलेला नफा सगळ्यांना सारखा. जिचं बाळ लहान आहे ती कमी दिवस येते, पण तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही. तोटाही सगळ्यांनी सारखाच वाटून घ्यायचा. त्या चौदा किलोंचं आम्ही तसंच केलं आणि मगच त्या दोघी परत आल्या.

तिसरं दुखणं म्हणजे बैठकीत गप्प आणि नळावर गप्पा. गटात सासू असते, जाऊ असते, सरपंचांच्या घरातली असते. लहानीला वाटतं, मी काय बोलू? यावर आम्ही नियम केला, की बोलायची सुरुवात सगळ्यात लहान सदस्येने करायची आणि अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. मोठ्यांनी आधी मत सांगितलं, की लहान नुसती मान हलवतात. शिवाय मालात खोट दिसली, तर कोणीही काम थांबवू शकते. ती सून असो नाहीतर नवी आलेली असो, तिला कोणी रागवायचं नाही. आता तीच सून मिरचीचा देठ मोडून बघते, आणि ती "हो" म्हणाल्याशिवाय मिरची डंकावर जात नाही. सासूबाईच म्हणतात, "आधी तिला विचारा."

चौथं दुखणं, सगळा भार एकीवर. हिशेब तिला येतो, बँकेत ती जाते, व्यापाऱ्याचा नंबर तिच्याच फोनमध्ये. ती माहेरी गेली की गट बंद! आणि तिच्यावर संशय घ्यायला लोकांना फार वेळ लागत नाही. म्हणून वही एकीने लिहायची आणि दर बैठकीत दुसरीने मोठ्याने वाचायची. किती माल गेला, किती पैसे आले, पेटीत किती आहेत, हे सगळ्यांच्या कानावर पडलं पाहिजे. नियमित बैठक आणि नियमित हिशेब आपल्या पंचसूत्रीत आहेत ते उगाच नाहीत. बँकेच्या कामाला दर वेळी एका नवीन बाईला सोबत न्या. स्लिप भरायला ती दोन फेऱ्यांत शिकते.

आता तुम्ही विचाराल, एवढं करून भांडणं थांबली का? नाही थांबली. कालच पाकिटाच्या रंगावरून दोघींचं वाजलं! पण भांडण बैठकीत होतं आणि बैठकीतच संपतं. वाद कामाचा असेल तर कामाचंच बोलायचं. माहेर, नवरा, जुनी उणीदुणी काढायची नाहीत. कोणी चुकलं, तर "तू अशीच आहेस" न म्हणता "पुढच्या वेळी काय करू या?" असं विचारायचं. हे बोलायला सोपं आणि पाळायला अवघड आहे. आम्हीही अजून शिकतोय.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. कामांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे एक नाव लिहा. हिशेबाची वही मोठ्याने वाचा. आणि जी आजवर कधीच बोलली नाही, तिला सगळ्यात आधी विचारा, "बाई गं, तुला काय दिसतंय?" ती लगेच बोलणार नाही. जरा थांबा, दुसरीला मध्ये बोलू देऊ नका. आमच्या गटात हाच प्रश्न आधी विचारला असता, तर चौदा किलो मसाला वाचला असता.