पाणी नितळ, मासे रोड

मिशिगन सरोवराचं पाणी हल्ली चांगलंच नितळ दिसतं. पर्यटक खूश, मत्स्यशास्त्रज्ञ मात्र चिंतेत. ही करामत क्वागा शिंपल्यांची. काळ्या समुद्राच्या परिसरातून जहाजांच्या बॅलास्ट पाण्याबरोबर आलेला हा नखाएवढा जीव पाणी गाळून प्लवंग फस्त करतो. तो पसरला आणि गाळातला डायपोरिया, म्हणजे कोळंबीचा चिमुकला भाऊबंद, जवळपास नाहीसा झाला. त्यावर पोसणारा व्हाइटफिश रोडावला.

हे कळतं ते चिवट मोजणीतून. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं १९७३पासून शरद ऋतूत इथे तळाशी जाळं ओढतं. माशाचं वय कानातल्या खड्यावरून ठरतं. त्याच्या छेदात खोडासारखी वर्षवलयं दिसतात.

शेजारच्या ह्युरॉनमध्ये तर निराळीच गंमत. एलवाइफ या परक्या माशात ब-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. तो खाणाऱ्या लेक ट्राउटची पिल्लं त्यामुळे दगावत. २००३-०४च्या सुमारास एलवाइफची संख्या कोसळली आणि ट्राउटची नैसर्गिक पैदास वाढली. हौशी गळवाल्यांचा लाडका चिनूक सामन मात्र एलवाइफवाचून उपाशी पडला.